गोड्या पाण्याची ओळख

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत होसकोटे येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळास पन्नास वर्षे पूर्ण होत असताना चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली आणि विषयाची निवड चिटणीसांनी आमच्यावरच सोपवली. अशा प्रसंगी संतवाङ्मयावर, शिवचरित्रावर अथवा मराठी रंगभूमीवर बोलण्याची रीत आहे आणि ती योग्यच आहे. आज आम्ही मात्र आपल्या डोंगराळ मुलखातील नद्या, त्यांचे डोह, घाट आणि तेथील पोहणे यांविषयी बोलणार आहोत. हा विषय कोणास हलका वाटेल. परंतु या सभागृहातील बहुतेक घरांतील मुले दर वर्षी मे महिन्यात आजोळी जातात; तेथे नदी असते, नाहीतर धरण असते, आणि मुले पाण्यात उतरतात. त्या पाण्याची त्यांना ओळख आहे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे. आम्ही इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि पुढे केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्यांच्या निमित्ताने अनेक प्रांतांचे पाणी प्यालो. त्यामुळे जे सांगणार आहोत ते शास्त्रज्ञाचे नव्हे, नदीकाठी वाढलेल्या एका माणसाचे आहे, असे समजून ऐकावे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘वाळवंट’ म्हटले की आजच्या मुलांस राजस्थान आठवते. परंतु वारकऱ्याच्या तोंडी वाळवंट म्हणजे चंद्रभागेचे वाळवंट, नदीकाठची वाळूची पसरट जागा. संस्कृत ‘पुलिन’ आणि आपली ‘पुळण’ ही एकाच घरची. नदी उथळ असून पायी ओलांडता येते तेथे ‘उतार’, संथ व खोल असते तेथे ‘डोह’, आणि कोकणात डोहालाच ‘कोंड’ म्हणतात. पाणी भरण्याची जागा तो ‘पाणवठा’, बांधून काढलेली ती ‘घाट’. ज्या भाषेत गोड्या पाण्याच्या काठाला इतकी नावे आहेत, तिच्या बोलणाऱ्यांचा त्या पाण्याशी रोजचा व्यवहार होता, हे उघड आहे. आणि ही नावे नुसती शोभेची नव्हेत. अमुक जागेस डोह म्हटले, म्हणजे तेथे पाय टेकणार नाहीत, ही सूचना त्या नावातच असते.

आमचे बालपण वाईस गेले. तेथील आळ्यांची नावेच पाहा: रामडोह, भीमकुंड. नदीने गावाला नावे दिली आहेत. कृष्णा महाबळेश्वरास सुमारे १३०० मीटर उंचीवर उगम पावते आणि वाईस येईतो ७०० मीटरपर्यंत खाली उतरते. एवढ्या थोड्या अंतरात एवढे उतरणारे पाणी वाळू साठवीत बसत नाही. त्यात आपला सह्याद्री काळ्या कातळाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्यातून तो घडला. हा कातळ झिजला की त्याची काळी चिकण माती होते, पांढरी वाळू होत नाही. म्हणून ऋषिकेशच्या वर शिवपुरीकडे गंगेकाठी शुभ्र वाळूचे जे पट्टे दिसतात, ते सह्याद्रीच्या माथ्याशी आढळत नाहीत. हिमालयातील खडकांत गारगोटीचा अंश भरपूर, त्याची वाळू होते. आपल्याकडे कातळ, धोंडे आणि डोह. वाळवंट पाहावयाचे तर नदी पठारावर येऊन संथावेपर्यंत, पंढरपुरापर्यंत, वाट पाहावी लागते.

गंमत अशी की आपण ज्या होसकोट्यात बसलो आहोत तेथे नेमके उलटे आहे. येथील खडक फार जुना. बंगळूरच्या लालबागेतील टेकडीचा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे, असे भूवैज्ञानिक सांगतात. तो झिजून उत्तम वाळू होते, परंतु येथल्या नद्यांना बारमाही पाणी नाही. तेथे पाणी आहे, वाळू नाही. येथे वाळू आहे, पाणी नाही.

सह्याद्रीत वाळूचा किनारा नव्हता म्हणून पूर्वजांनी दगडाचा किनारा बांधला. घाट म्हणतात तो हाच. वाईचे घाट, मेणवलीचा नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाट, कोल्हापूरचा पंचगंगेचा घाट, नरसोबाच्या वाडीचा कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील घाट, ही सर्व धर्मकृत्यासाठी बांधलेली स्थाने खरी. परंतु बांधणाऱ्यांस पाणी कळत होते. घाटाची पायरी ही पाण्याची मोजपट्टी असते. आज कितवी पायरी बुडाली, हे पाहून नदीचा जोर घाटावरच्या पोरांनाही सांगता येई. पायऱ्यांमुळे खोली एकदम वाढत नाही, आणि दमलेल्या माणसास हात टेकण्यास जागा मिळते. वाईच्या ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ मध्ये रास्त्यांनी बांधले. त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची, निमुळती आहे. पुराचे पाणी तीवर आदळून दुभंगावे आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जावे, अशी ती योजना.

या घाटांवर पोहणे कसे शिकवीत, हेही सांगावयास हवे. पाठीला सुका भोपळा नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधीत. पुढे पत्र्याचा रिकामा डबा आला. बरोबर काका, मामा अथवा आळीतील एखादा पट्टीचा पोहणारा असे. पोरगा चार हात मारू लागला की बिंडा लहान होई आणि एके दिवशी नाहीसाच होई. परंतु हात मारणे हा शिक्षणाचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा तोंडी चाले. ‘त्या कपारीखाली जाऊ नको, तिथं पाणी आत ओढतं.’ ‘कुठं चढणार ते आधी ठरव, मग उतर.’ ‘धारेशी भांडू नको, तिरपा ये.’ ही वाक्ये कोणत्याही पुस्तकात नव्हती. ती माणसांपाशी होती आणि माणसे घाटावर होती.

येथे एक उणीवही सांगितली पाहिजे. हे शिक्षण बहुतांशी मुलग्यांसाठी होते. बायका घाटावर धुणी धूत, स्नाने करीत, दिवे सोडीत. नदीशी त्यांचा संबंध पुरुषांहून अधिक होता. परंतु पोहण्यास त्यांना क्वचितच कोणी शिकवी. पाय घसरला तर ज्यांना सर्वांत अधिक गरज, त्यांनाच ही विद्या नव्हती.

आता काय बदलले, ते पाहू. कृष्णेवर वाईच्या वर धोमचे धरण झाले, कोयनेवर झाले, भीमेवर उजनी झाले. धरणांनी शेते भिजवली, दिवे लावले. त्यांना दूषण देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु धरणाखालची नदी ऋतूच्या वेळापत्रकाने वाहत नाही, धरणाच्या वेळापत्रकाने वाहते. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या कोरड्या धोंड्यांवर हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी उभे होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले आणि काही क्षणांत २४ विद्यार्थी वाहून गेले. ती मुले पोहावयास उतरलीही नव्हती.

धरणाच्या वरच्या बाजूस फुगवट्याचे पाणी असते. दिसावयास सरोवर, काठी हिरवळ, समोर डोंगर. आजच्या सहलींचे हेच मोठे आकर्षण. परंतु या पाण्यास डोहाप्रमाणे नाव नाही, घाट नाही, आणि शंभर वर्षे त्याजवळ राहिलेली माणसेही नाहीत. त्याच्या तळाशी बुडालेल्या गावांच्या भिंती, झाडांचे बुंधे, शेतांतील विहिरी असू शकतात. मे महिन्यात वरचा थर कोमट लागतो. दोन पुरुष खाली गेले की पाणी एकाएकी गार होते आणि श्वास अडखळतो. काठ दर आठवड्यास मागे सरकतो आणि उघडा पडलेला गाळ वरून सुकलेला, आतून ओला असतो.

याच गाळाने आमच्या एका शाळासोबत्याचा मुलगा नेला. सोबती नोकरीसाठी परप्रांतात राहिलेला, आपल्यापैकी अनेकांसारखाच. मुलगा सतरा वर्षांचा. शहरातील जलतरण तलावात रीतसर शिकलेला, शाळेच्या स्पर्धांत पदके मिळवलेला. मे महिन्यात गावी आला असता चुलत भावंडांबरोबर धरणाच्या पाण्यात उतरला. पाणी संथ होते. बरेच अंतर पोहून तो सुखरूप परत फिरला आणि काठ चार-पाच हातांवर राहिला असता पाय टेकण्यासाठी उभा राहिला. तो मांडीपर्यंत गाळात रुतला. पाय उपसण्यास जोर केला तसा अधिक रुतला. भावंडांपैकी कोणालाच पोहता येत नव्हते. आम्ही तेराव्यास गेलो तेव्हा त्या काठी शेळ्या चारणारा एक म्हातारा भेटला. तो म्हणाला, ‘इथं आम्ही कुणी पाय टेकीत न्हाई. छाती मातीला लागंस्तवर आडवंच यायचं, मग सरपटत भायेर. पोरानं इचारलं आस्तं, तर सांगितलं आस्तं.’

मंडळी, आमचे सारे भाषण त्या म्हाताऱ्याच्या वाक्यात आहे. पोहता येणे ही एक विद्या आहे आणि पाणी ओळखता येणे ही दुसरी. पहिली तलावात मिळते. दुसरी त्या-त्या पाण्यापाशीच, त्या-त्या माणसांकडून मिळते. पूर्वी दोन्ही एकाच घाटावर मिळत. आपण गाव सोडले तेव्हा त्यांची ताटातूट झाली. शहरातील मुलाजवळ पहिली आहे, गावातील म्हाताऱ्याजवळ दुसरी, आणि दोघांचे बोलणे होत नाही.

आणखी काही पाण्यांची ओळख थोडक्यात करून देतो. पश्चिम महाराष्ट्रात नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांच्या गाळ्यांत बरगे घालून पाणी अडवतात. बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तेव्हा त्याच्या पायथ्याशी ते गोल फिरते, आणि त्यात सापडलेल्यास पुन्हा पुन्हा भिंतीकडेच ओढून नेते. धबधब्याखालील पांढऱ्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, म्हणून ते माणसास नेहमीसारखे तरंगवीत नाही. कुकडी नदीवर निघोजचे रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कातळात कोरलेले ते रांजण पाहावेत आणि निसर्गाचे कौतुक करावे. परंतु त्यांच्या उभ्या, गुळगुळीत भिंतींना हात धरण्यास कोठेच जागा नाही. वाळूच्या नद्यांत वाळूउपशाने खोल खड्डे पडले आहेत. काल गुडघाभर असलेले पाणी आज डोक्यावर जाते. कोकणात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तेथील मासे देवीचे मानले जातात आणि कोणी त्यांना धरीत नाही. काही पाणी केवळ पाहण्यासाठीच असते, हेही आपल्या लोकांस माहीत होते.

पावसाळ्याचे काय, असे विचाराल. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्याच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाणी वाढत असता ती मंडळी एकमेकांस धरून प्रवाहाच्या मध्यभागी उभी होती. ते दृश्य देशाने पाहिले. त्यानंतर बंदीचे हुकूम निघाले, ते आवश्यकच होते. आम्ही स्वतः सरकारी नोकर. हुकमाचे महत्त्व आम्हांस कळते आणि त्याची मर्यादाही कळते. बंदीच्या पाटीने माणूस थांबेल, परंतु त्याला पाणी कळणार नाही. पाटी नसलेल्या पुढच्या ओढ्यात तो उतरेलच.

आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत दर वर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मृत्यू पावल्याची सरकारी नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडाली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस बुडून होणारे मृत्यू टाळण्यासाठी नेमला. इतर देशांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. हॉलंडमध्ये पोहण्याचा पहिला दाखला मिळवताना मुलांना अंगावर कपडे असताना पोहून दाखवावे लागते. कारण अपघात पोहण्याचा पोशाख घालून येत नाही. स्वित्झर्लंडची राजधानी बर्न येथे उन्हाळ्यात शेकडो लोक आरे नदीच्या धारेत अंग सोडून देतात. ती आल्प्स पर्वतातून येणारी गार आणि वेगवान नदी. तिच्या काठाशी जागोजाग पायऱ्या आहेत आणि त्यांना तांबडे कठडे आहेत, म्हणजे कोठे चढावयाचे हे लांबूनच दिसते. ‘कुठं चढणार ते आधी ठरव,’ हे वाईच्या घाटावरील वाक्य तेथे लोखंडात घडवलेले आहे.

आता आपल्या होसकोट्याकडे येऊ. ‘होस कोटे’ म्हणजे नवा किल्ला. सुगटूरच्या तिम्मेगौडाने तो १५९५ च्या सुमारास बांधला, येथील मोठा तलावही त्याचाच. पुढे हा मुलूख बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर यांच्याबरोबर शहाजीराजांच्या जहागिरीत होता, म्हणून मराठी माणूस येथे पाहुणा आहे असे आम्ही मानीत नाही. नंदीच्या डोंगररांगेत उगम पावणारी दक्षिण पिनाकिनी आपल्या तालुक्यातून जाते. परंतु बंगळूरच्या सांडपाण्याने तिची जी दशा झाली आहे, ती खाली तमिळनाडूत केलवरपल्ली धरणाशी साचणाऱ्या फेसावरून सर्वांस ठाऊक आहे. केरे, म्हणजे आपले तलाव, पक्ष्यांसाठी आणि भूजलासाठी राखावेत. मुलांनी पोहण्याची ती जागा आज नव्हे. देवळांच्या कल्याणींच्या पायऱ्या सुंदर, पण शेवाळलेल्या. आणि सर्वांत घातक म्हणजे पावसाच्या पाण्याने भरलेल्या सोडून दिलेल्या दगडखाणी. पाणी निळे दिसते आणि भिंती उभ्या तासलेल्या असतात. उडी मारता येते, वर येता येत नाही. मुलांना तेवढी एक जागा निक्षून सांगावी.

मग येथे काय करावे? पहिली विद्या येथे उत्तम मिळते. बंगळूर हे भारतीय जलतरणाचे मोठे केंद्र आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे बंगळुरास निहार अमीन यांच्या हाताखाली तयार झाला, २००८ मध्ये बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये उतरला, आणि २०१० मध्ये ग्वांगझौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय शर्यतीत त्याने कांस्यपदक मिळवले. पंचगंगेकाठचा मुलगा शिकण्यासाठी आपल्या दारी येतो, तर आपल्या दारातील मुलांनी का शिकू नये?

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली: मंडळातील प्रत्येक मुलामुलीने, मुलीने तर अगत्याने, दहाव्या वर्षापूर्वी पोहणे शिकावे आणि ज्यांना झेपणार नाही त्यांची फी मंडळाने द्यावी. केवळ वेगाने पोहणे पुरेसे नाही. कपड्यांसह दहा मिनिटे शांतपणे तरंगता आले पाहिजे. समुद्राच्या मानाने गोडे पाणी माणसास कमी उचलते, म्हणून तरंगण्याचा सराव अधिक हवा.

दुसरी: मंडळाने एक नोंदवही ठेवावी. सरकारी माणसास नोंदवहीवाचून दुसरे काय सुचणार, असे कोणी म्हणेल. म्हणू द्यावे. प्रत्येक कुटुंबाने आपापल्या गावचे पाणी तीत लिहावे. डोहाचे नाव काय, खोली किती, कोठून उतरतात, कोठे चढतात, कोणत्या महिन्यात जाऊ नये, आणि गावात हे कोणास विचारावे. घरातील आजीआजोबा आहेत तोवर हे लिहून घेतले पाहिजे. मे महिन्यात निघण्यापूर्वी मुलाने आपले पान वाचावे, आणि गावी गेल्यावर पाण्यात पाय घालण्याआधी त्या माणसाकडे जाऊन विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही, हे मुलांना आपणच शिकवावयास हवे.

तिसरी: मंडळाच्या सहलीच्या गाडीत वीस मीटर दोर आणि झाकण घट्ट बसवलेला रिकामा प्लास्टिकचा डबा नेहमी असावा. बुडणाऱ्यामागे प्रेमाने उडी घेणारा पुष्कळदा त्याच्याबरोबर जातो. एकामागून एक तीन-चार सख्खे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. दोर फेकावा, डबा फेकावा, ओढणी, साडी, बांबू, जे हाती असेल ते पुढे करावे. पाण्यात उतरणे हा शेवटचा उपाय, आणि तोही ज्याने त्याचे शिक्षण घेतले आहे त्याच्यासाठी.

हे ऐकून मुलांना नदीपासून दूरच ठेवावे, असे कोणास वाटले तर आमचे बोलणे वाया गेले. नदीत डुंबण्यासारखा आनंद दुसरा नाही. मे महिन्याच्या दुपारी डोहाच्या गार पाण्यात उताणे पडून वरचे झाड पाहण्याचे सुख ज्याने घेतले, त्याला आपले गाव कधी परके होत नाही. आपली मुले येथे कन्नड बोलतात, शाळेत इंग्रजी बोलतात, घरात मराठी बोलतात. त्यांना आजोळशी बांधून ठेवील असे पुस्तकाबाहेरचे फार थोडे आपल्यापाशी उरले आहे. त्या थोड्यात नदी आहे. ती त्यांच्यापासून काढून घेऊ नये. ओळख करून देऊन त्यांच्या स्वाधीन करावी.

गेल्या पन्नास वर्षांत मंडळाने परमुलखात आपली भाषा जपली. पुढील पन्नास वर्षांच्या कामात या नोंदवहीचे काम चिटणीसांनी दप्तरी लावून घ्यावे. पहिले पान वाईच्या कृष्णेचे. ते आम्ही लिहून आणले आहे आणि आजच त्यांच्या हाती देत आहोत.